पाळीव बेडकांतील कायट्रिड त्वचारोग : उपचार आणि प्रतिबंध

सारांश

उभयचर प्राण्यांच्या त्वचेवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीमुळे गेल्या काही दशकांत जगभरातील बेडकांची मोठी हानी झाली आहे. या बुरशीचे शास्त्रीय वर्णन प्रथम बंदिवासातील बेडकावरून झाले आणि तिच्या प्रसारात प्राण्यांच्या व्यापाराचा वाटा मोठा आहे. त्यामुळे पाळीव बेडकांवरील उपचार हा केवळ हौशी पाळणाऱ्यांचा प्रश्न राहत नाही. प्रस्तुत लेखात या रोगाचे कारण, त्याची प्रक्रिया, लक्षणे, निदान, उपचार व प्रतिबंध यांचे विवेचन केले आहे. प्राणी बरा करणे आणि त्याचा अधिवास रोगमुक्त करणे ही दोन कामे परस्परांपासून वेगळी करता येत नाहीत, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

बीजशब्द : उभयचर, कायट्रिड बुरशी, पाळीव बेडूक, विलगीकरण, निर्जंतुकीकरण, पश्चिम घाट

१. प्रस्तावना

घरात प्राणी पाळण्याची हौस जुनी असली, तरी काचपेटीत विदेशी बेडूक पाळण्याचा छंद तुलनेने अलीकडचा आहे. दक्षिण अमेरिकेतील शिंगाळे बेडूक, ऑस्ट्रेलियातील हिरवे वृक्षबेडूक, मध्य व दक्षिण अमेरिकेतील रंगीबेरंगी विषारी बेडूक आणि आफ्रिकेतील नखाळे बेडूक या प्राण्यांना अमेरिका, युरोप व जपान येथील बाजारपेठांत मोठी मागणी असते. भारतातही काही हौशी पाळणाऱ्यांकडे असे बेडूक दिसू लागले आहेत.

कुत्रा वा मांजर आजारी पडल्यास त्याचे दुखणे घरच्यांच्या लवकर ध्यानात येते. बेडकाच्या बाबतीत तसे घडत नाही. तो मुळातच तासन्‌तास एका जागी बसून राहणारा प्राणी असल्याने त्याचे सुस्त होणे सहसा उशिरा लक्षात येते. बुरशीजन्य त्वचारोगाच्या बाबतीत हा उशीर बहुधा प्राणघातक ठरतो. याशिवाय, एका काचपेटीतील रोग सांडपाण्याबरोबर किंवा सोडून दिलेल्या प्राण्याबरोबर नजीकच्या ओढ्यापर्यंत पोहोचू शकतो. म्हणूनच या विषयाचा विचार पशुवैद्यक आणि निसर्गसंवर्धन या दोन्ही दृष्टींनी करणे आवश्यक ठरते.

२. रोगाची ओळख आणि पूर्वपीठिका

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिका येथील वर्षावनांतून बेडकांच्या काही जाती झपाट्याने नाहीशा होऊ लागल्या. अरण्य शाबूत, पाणी स्वच्छ, तरीही बेडूक मृत, असे हे कोडे होते. १९९८ मध्ये ली बर्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मृत्यूंचा संबंध त्वचेतील एका कायट्रिड बुरशीशी जोडून दाखवला. पुढील वर्षी, १९९९ मध्ये, जॉइस लाँगकोर, अॅलन पेसियर आणि डोनाल्ड निकोल्स यांनी या बुरशीचे ‘बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस’ असे नामकरण केले. ज्या बेडकापासून ही बुरशी वेगळी काढण्यात आली, तो वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मरण पावलेला निळा विषारी बेडूक होता. त्याच्या ‘डेंड्रोबेटस’ या प्रजातिनामावरूनच बुरशीचे जातिनाम आले आहे. अरण्यातील मृत्यूंचे कारण ठरलेला जीव अशा रीतीने काचेआडच्या प्राण्यामुळे विज्ञानाला नावानिशी ज्ञात झाला.

ही बुरशी जगभर कशी पसरली, याविषयीचे मत काळानुरूप बदलत गेले. १९३० च्या दशकापासून आफ्रिकेतील नखाळ्या बेडकाचा उपयोग गर्भधारणेच्या चाचणीसाठी होऊ लागला. गर्भवती स्त्रीचे मूत्र मादी बेडकास टोचल्यास ती अंडी घालते, हे त्या चाचणीचे तत्त्व होय. या कामासाठी हे बेडूक मोठ्या संख्येने परदेशी पाठवले गेले. १९३८ मधील एका जतन केलेल्या नमुन्यात बुरशी आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर तिचा उगम आफ्रिकेत असावा, असे मानले जाऊ लागले. तथापि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक जनुकीय अभ्यासाने तिचा उगम पूर्व आशियात झाल्याचे आणि घातक वंशाचा प्रसार विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून झाल्याचे सूचित केले. उभयचरांचा आंतरराष्ट्रीय व्यापार हा या प्रसाराचा प्रमुख मार्ग असावा, याविषयी मात्र अभ्यासकांत बरीच एकवाक्यता आहे. २०१९ मधील एका जागतिक आढाव्यानुसार या रोगामुळे किमान ५०१ उभयचर जातींची संख्या घटली असून त्यांपैकी ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात. आंतरराष्ट्रीय पशुआरोग्य संघटनेने २००८ मध्ये या संसर्गाचा समावेश नोंदणीयोग्य रोगांच्या यादीत केला.

३. बेडकाची त्वचा आणि रोगाची प्रक्रिया

बेडकाची त्वचा हे निव्वळ आवरण नसून तो एक कार्यरत अवयव आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या व मांड्यांच्या खालच्या भागातील पातळ त्वचेतून तो पाणी शोषून घेतो. श्वसनाचा काही भागही त्वचेमार्फत होतो आणि शरीरातील क्षारांचा समतोल राखण्याचे काम त्वचाच करते. म्हणूनच मनुष्यात केवळ खाज आणणारा त्वचारोग आणि बेडकातील त्वचारोग यांची तुलना होऊ शकत नाही.

या बुरशीच्या जीवनचक्रात दोन मुख्य अवस्था असतात. पहिली अवस्था चल-बीजाणूची. सूक्ष्मदर्शकातूनच दिसणारा हा बीजाणू एका कशाभिकेच्या साहाय्याने पाण्यात अल्प अंतर पोहतो आणि बेडकाच्या त्वचेवर स्थिरावतो. तेथे त्वचेच्या केराटिनयुक्त थरात त्याची बीजाणुधानी बनते. साधारण चार ते पाच दिवसांत ती पक्व होते आणि एका नलिकेवाटे नवे बीजाणू बाहेर पडतात. यांतील काही बीजाणू त्याच बेडकाच्या त्वचेवर पुन्हा बसतात. अशा पुनःपुन्हा होणाऱ्या संसर्गामुळे बुरशीचा भार वाढत जातो.

त्वचेतील या बिघाडाने बेडूक मरतो कसा, याचे उत्तर २००९ मध्ये मिळाले. जेमी व्हॉइल्स आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील हिरव्या वृक्षबेडकांवर केलेल्या प्रयोगात आजारी बेडकांच्या रक्तद्रवातील सोडियमचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी, तर पोटॅशियमचे सुमारे ५० टक्क्यांनी घटलेले आढळले. त्याची परिणती हृदयक्रिया बंद पडण्यात झाली. पोटातून क्षारांचे द्रावण दिलेले आजारी बेडूक काही काळ अधिक जगले. उपचार करताना केवळ बुरशीनाशक औषध का पुरेसे नसते, याचा उलगडा या निष्कर्षातून होतो.

भैकेराच्या म्हणजे टॅडपोलच्या शरीरात केराटिन केवळ मुखावयवांत असते. त्यामुळे संसर्ग तेवढ्यापुरता सीमित राहतो आणि भैकेर बहुधा जगतो. रूपांतरणानंतर सर्वांगावरील त्वचेत केराटिन तयार झाल्यावर मात्र तोच प्राणी अल्पावधीत दगावतो. वरकरणी निरोगी दिसणारे भैकेर अशा प्रकारे रोगाचे वाहक असू शकतात.

४. लक्षणे आणि निदान

पुढील लक्षणे आढळल्यास पाळणाऱ्याने सावध व्हावे :

१) भूक मंदावणे, हालचाल कमी होणे.
२) वारंवार कात टाकणे किंवा कातीचे तुकडे अंगाला चिकटून राहणे.
३) पोट व मांड्यांखालील त्वचा लालसर होणे किंवा त्वचेचा रंग निस्तेज होणे.
४) मागील पाय शरीरापासून दूर पसरून बसणे, निशाचर जातीचा बेडूक दिवसा उघड्यावर बसलेला दिसणे.
५) उताणे केल्यास पुन्हा पालथे होता न येणे, झटके येणे. ही शेवटच्या टप्प्यातील लक्षणे होत.

यांपैकी एकही लक्षण केवळ याच रोगाचे नाही. जिवाणूजन्य ‘लाल पाय’ विकारात आणि रानाव्हायरसच्या संसर्गातही त्वचा लालसर होते. तसेच पाण्यातील बेडकाच्या जखमेवर किंवा अंड्यांवर कापसासारखे पांढरे तंतू दिसल्यास ते बहुधा सॅप्रोलेग्निया या जलकवकाचे असतात. कायट्रिड बुरशी मात्र अशी डोळ्यांना दिसत नाही. ‘बुरशी दिसत नाही, म्हणून बुरशीचा रोग नाही’ हा समज त्यामुळे चुकीचा आणि धोकादायक ठरतो.

खात्रीशीर निदानासाठी पोट, मांड्या व बोटांमधील पडद्यांवरून निर्जंतुक स्वॅब फिरवून नमुना घेतला जातो आणि पीसीआर पद्धतीने बुरशीच्या डीएनएची तपासणी केली जाते. मृत बेडकाच्या त्वचेचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यास बीजाणुधान्या दिसतात. एखादा बेडूक मेल्यास त्याला फेकून न देता तपासणीसाठी पशुवैद्यकाकडे देणे हे उरलेल्या बेडकांच्या हिताचे असते.

५. उपचारपद्धती

बेडकांच्या जाती औषधांना व तापमानाला भिन्न प्रतिसाद देतात. त्यामुळे पुढील उपचार उभयचरांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच करावेत.

*(अ) इट्राकोनॅझोलचे स्नान :* हे सर्वाधिक वापरले गेलेले औषध होय. मूळ पद्धतीत ०.०१ टक्के द्रावणात, म्हणजे एक लिटर द्रावणात १०० मिलिग्रॅम औषध या प्रमाणात, बेडकास रोज पाच मिनिटे याप्रमाणे ११ दिवस ठेवले जाते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ०.००२५ टक्के इतक्या सौम्य द्रावणात रोज पाच मिनिटे याप्रमाणे सहा दिवसांच्या स्नानानेही दोन जातींत बुरशी नाहीशी झाली. कमी मात्रेचे महत्त्व असे की, हे औषध काही जातींना, विशेषतः भैकेर व नुकतेच रूपांतरण झालेल्या पिल्लांना अपायकारक ठरू शकते. भैकेरांच्या अंगावरील रंगद्रव्य कमी झाल्याचीही नोंद आहे.

*(आ) क्लोरॅम्फेनिकॉल :* हे प्रतिजैविक मुळात जिवाणूंविरुद्धचे. परंतु न्यूझीलंडमधील संशोधकांना ते या बुरशीवरही परिणामकारक आढळले. मनुष्यात या औषधामुळे क्वचित रक्तनिर्मिती थांबण्याचा गंभीर विकार संभवतो. म्हणून हातमोजे अनिवार्य असून वापरलेले पाणी उघड्यावर टाकणे योग्य नाही.

*(इ) उष्णतोपचार :* ही बुरशी १७ ते २५ अंश सेल्सिअस तापमानात जोमाने वाढते आणि २८ अंशांच्या पुढे तिची वाढ खुंटते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ३० अंश तापमानात दहा दिवस ठेवलेल्या दोन अमेरिकी जातींच्या बेडकांपैकी जवळजवळ सर्व बेडूक संसर्गमुक्त झाले. उष्ण प्रदेशातील जातींना हा उपाय मानवतो. थंड डोंगराळ प्रदेशातील जातींना मात्र तो जीवघेणा ठरू शकतो. येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. विदेशी बेडकांसाठी वातानुकूलित खोलीत राखलेले २२ ते २४ अंश तापमान हे या बुरशीच्या वाढीसही अगदी अनुकूल असते.

*(ई) पूरक शुश्रूषा :* गंभीर अवस्थेतील बेडकास क्षारयुक्त द्रावण देणे अत्यावश्यक असते. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मरणासन्न हिरव्या वृक्षबेडकांना क्लोरॅम्फेनिकॉलचे स्नान, क्षारयुक्त द्रावण आणि २८ अंश तापमान या तिहेरी उपचाराने वाचवल्याचे नोंदवले आहे.

उपचार संपताच प्राणी बरा झाला, असे गृहीत धरू नये. काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा स्वॅब तपासून संसर्ग नाहीसा झाल्याची खातरजमा करावी. बरा झालेला बेडूक पुढे या रोगापासून सुरक्षित राहीलच असे नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात उन्हाने तापलेल्या विटांच्या निवाऱ्यात संसर्गमुक्त झालेल्या एका जातीच्या बेडकांत पुढील संसर्गाला तोंड देण्याची क्षमता वाढल्याचे दिसले. परंतु हा निष्कर्ष सर्व जातींना लागू करता येत नाही.

६. अधिवासाचे निर्जंतुकीकरण

उपचार अयशस्वी होण्याचे एक नेहमीचे कारण औषधात नसून काचपेटीत असते. प्रयोगशाळेतील निरीक्षणांनुसार ही बुरशी यजमान प्राण्याविना निर्जंतुक केलेल्या नळाच्या पाण्यात सुमारे तीन आठवडे, तळ्याच्या पाण्यात सुमारे सात आठवडे आणि ओल्या वाळूत त्याहूनही अधिक काळ तग धरू शकते. औषधी स्नान घालून बेडूक रोज त्याच ओल्या मातीत परत ठेवला, तर स्नानाचा लाभ टिकत नाही.

या तत्त्वाचे सर्वांत बोलके उदाहरण स्पेनच्या मायोर्का बेटावर आढळते. तेथील मिडवाइफ टोड ही जात आधी जीवाश्मांवरून आणि नंतर १९८० च्या सुमारास जिवंत रूपात ज्ञात झाली. तिला वाचवण्यासाठी बंदिवासात प्रजनन करून पिल्ले बेटावर सोडण्यात आली. त्यांतील काही प्राणी प्रजननकाळात दक्षिण आफ्रिकेतील बेडकांच्या सान्निध्यात राहिले होते आणि १९९१ मध्ये सोडलेल्या प्राण्यांबरोबर बुरशीही बेटावर पोहोचली, असा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे हा संसर्ग निपटण्यासाठी भैकेर गोळा करून त्यांना इट्राकोनॅझोलचे स्नान देण्यात आले. परंतु डोहांत परत सोडल्यावर ते पुन्हा संसर्गग्रस्त झाले. त्यानंतर प्राण्यांवरील उपचारांच्या जोडीला डोह रिकामे करून त्यांचे रासायनिक निर्जंतुकीकरण करण्यात आले, तेव्हा कोठे यश आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही हकिकत निसर्गातून या बुरशीचे उच्चाटन झाल्याची पहिली नोंद मानली जाते. जे डोहाबाबत खरे ठरले, ते काचपेटीबाबतही तितकेच खरे आहे.

सुदैवाने या बुरशीला टिकाऊ सुप्तावस्था असल्याचे आढळलेले नाही आणि ती कोरडेपणा सहन करू शकत नाही. त्यामुळे घरगुती पातळीवर पुढील उपाय परिणामकारक ठरतात :

१) माती, शेवाळ, सालींचे तुकडे यांसारखे सच्छिद्र साहित्य उकळून किंवा ब्लीचमध्ये भिजवून मगच टाकून द्यावे, ते पुन्हा वापरू नये.
२) काचपेटी, भांडी व उपकरणे आधी घासून धुवावीत, कारण घाणीमुळे ब्लीचचा प्रभाव घटतो. नंतर ती १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात किमान एक मिनिट बुडवावीत. ४ टक्के तीव्रतेच्या द्रावणाचा एक भाग व पाण्याचे तीन भाग घेतल्यास हे प्रमाण साधते.
३) त्यानंतर भरपूर पाण्याने धुऊन सर्व वस्तू पूर्णतः वाळवाव्यात. ब्लीचचा अंशही बेडकाच्या त्वचेस घातक असतो.
४) उष्णता सहन करणाऱ्या वस्तू ६० अंश तापमानाच्या पाण्यात पाच मिनिटे ठेवल्यासही बुरशी मरते.
५) मत्स्यपेटीसाठी मिळणाऱ्या अतिनील दिव्यावर विसंबू नये, प्रयोगांत अतिनील किरण या बुरशीवर निष्प्रभ ठरले आहेत.

उपचारकाळात बेडकास ओल्या कागदी रुमालांचे अंथरूण असलेल्या साध्या डब्यात ठेवावे. कागद रोज बदलता येतो व डबा रोज निर्जंतुक करता येतो.

७. प्रतिबंध : विलगीकरण आणि जबाबदारी

जपानमध्ये हा रोग प्रथम डिसेंबर २००६ मध्ये आयात केलेल्या पाळीव बेडकांत आढळला. त्यानंतरच्या पाहणीत जपानमधील महाकाय सॅलॅमँडरमध्ये या बुरशीचे स्थानिक प्रकारही आढळून आले. म्हणजेच एकाच देशात बुरशीचे जुने स्थानिक प्रकार आणि व्यापाराबरोबर आलेले प्रकार एकत्र नांदू शकतात. स्थानिक प्राणी स्थानिक प्रकाराशी जुळवून घेतात. बाहेरून आलेल्या घातक वंशाशी त्यांचा परिचय नसतो.

यास्तव नव्या बेडकास किमान ३० दिवस, शक्य असल्यास ६० ते ९० दिवस, वेगळ्या खोलीत वेगळ्या उपकरणांसह ठेवणे हा प्रतिबंधाचा पाया होय. या काळात स्वॅब तपासणी करावी. रोजच्या कामात आधी जुन्या, निरोगी बेडकांची व शेवटी विलगीकरणातील बेडकाची देखभाल करावी आणि प्रत्येक प्राण्यासाठी नवे हातमोजे वापरावेत. वेगवेगळ्या खंडांतील जाती एका पेटीत ठेवू नयेत. काचपेटीतील पाणी ब्लीच मिसळून काही वेळ ठेवल्यावरच सांडपाण्यात सोडावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाळीव बेडूक कोणत्याही परिस्थितीत ओढ्यात, विहिरीत वा तळ्यात सोडू नये. कंटाळलेल्या मालकाला ती दया वाटते. परंतु तेथील बेडकांवर ते संकट ठरू शकते.

८. भारतीय संदर्भ

भारतात ही बुरशी आढळल्याची नोंद २०११ मध्ये पश्चिम घाटातील ‘इंडिराना’ प्रजातीच्या बेडकांवरून झाली. २०१३ मध्ये नीलेश डहाणूकर, अतुल पाध्ये, संजय मोलूर आदी संशोधकांनी उत्तर पश्चिम घाटातील संकटग्रस्त व प्रदेशनिष्ठ बेडकांत या बुरशीचा आशियाई प्रकार आढळल्याचे प्रसिद्ध केले. मध्य अमेरिकेसारखे सामूहिक मृत्यू येथे नोंदले गेलेले नाहीत. तथापि हे चित्र स्थानिक प्रकारापुरते आहे. सह्याद्रीतील अनेक बेडूक जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. अशा प्रदेशात व्यापारामार्गे घातक वंशाचा प्रवेश होणे परवडणारे नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील २०२२ च्या दुरुस्तीनुसार आणि २०२४ च्या नियमांनुसार ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्टांतील जिवंत विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना त्यांची नोंदणी करावी लागते. नोंदणीमुळे ताबा स्पष्ट होतो. प्राण्याची त्वचा रोगमुक्त असल्याचे त्यातून सिद्ध होत नाही. ती जबाबदारी अखेर पाळणाऱ्यावरच येते.

महाविद्यालयांचाही या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातून बेडकाचे विच्छेदन हद्दपार झाले असले, तरी पावसाळ्यात आंबोली, महाबळेश्वर यांसारख्या ठिकाणी अभ्याससहली जातात. एका ओढ्यातील चिखल बुटांना लावून दुसऱ्या ओढ्यात उतरणे टाळणे, दोन ठिकाणांदरम्यान बूट व जाळी धुऊन, निर्जंतुक करून वाळवणे आणि बेडूक उगाच न हाताळणे ही शिस्त विद्यार्थ्यांना लावणे अध्यापकांच्या हाती आहे.

९. निष्कर्ष

१) कायट्रिड त्वचारोग हा बेडकाच्या क्षारसंतुलनावर आघात करणारा, डोळ्यांना न दिसणारा परंतु वेळीच निदान झाल्यास बरा होऊ शकणारा रोग आहे.
२) इट्राकोनॅझोलचे स्नान, जातीनुरूप उष्णतोपचार आणि क्षारयुक्त द्रावण यांची निवड प्राण्याची जात, वय व अवस्था पाहून करावी लागते.
३) अधिवासाचे निर्जंतुकीकरण केल्याविना उपचार पूर्ण होत नाही. मायोर्का बेटावरील अनुभव याची साक्ष देतो.
४) विलगीकरण, तपासणी आणि सांडपाण्याची योग्य विल्हेवाट हे प्रतिबंधाचे तीन आधार होत.
५) पश्चिम घाटासारख्या समृद्ध प्रदेशाच्या सान्निध्यात विदेशी बेडूक पाळणाऱ्याने आपल्या काचपेटीची सीमा काचेपाशी संपत नाही, याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.